कायेनचे मंद घड्याळ

घड्याळ मागे पडू लागले तर कोणीही शहाणा मनुष्य प्रथम घड्याळालाच दोष देईल. पृथ्वीला देणार नाही. परंतु इतिहासात एक घड्याळ असे होऊन गेले की त्याची तक्रार खरी निघाली आणि पृथ्वीच्या आकाराविषयीची समजूत मात्र खोटी ठरली. त्या घड्याळाची ही कथा आहे.

इ. स. १६७२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने झां रिशे नावाच्या ज्योतिर्विदाला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील कायेन येथे धाडले. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ येणार होता. पॅरिस आणि कायेन या दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी त्याचे वेध घेऊन त्याचे अंतर काढावे, हा मुख्य उद्देश होता. वेधांसाठी घड्याळ हवे, म्हणून रिशेने पॅरिसमध्ये बिनचूक लावलेले लंबकाचे घड्याळ बरोबर नेले. कायेन विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या पाच अंशांवर आहे. तेथे ते घड्याळ दिवसाकाठी दोन मिनिटांहून अधिक मागे पडू लागले. सेकंदाचा ठोका बरोबर पडावा म्हणून रिशेला लंबक सव्वा रेषेने आखूड करावा लागला. रेषा म्हणजे त्या काळच्या फ्रेंच इंचाचा बारावा भाग. आजच्या मापाने ही सव्वा रेषा तीन मिलिमीटरदेखील भरत नाही. दुसरा कोणी असता तर खिळा किंचित फिरवून आपल्या कामाला लागला असता. रिशेने तसे केले नाही. दहा महिने, दर आठवड्याला, त्याने तोच प्रयोग पुनःपुन्हा केला आणि आकडा टिपून ठेवला.

पॅरिसला परतल्यावर या आकड्याचे फारसे स्वागत झाले नाही. उष्ण प्रदेशात लोखंडाची दांडी लांबते, म्हणून लंबक मंद चालला असेल, असा आक्षेप निघाला. आक्षेप रास्त होता. पण हिशेब केला तर उन्हाने होणारी वाढ या फरकाच्या दशांशाच्या आसपासच येते. शिवाय १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर गेलेल्या एडमंड हॅली या तरुण इंग्रज ज्योतिर्विदालाही आपला लंबक आखूड करावाच लागला. तेव्हा दोष घड्याळाचा नव्हता. विषुववृत्ताजवळ वस्तूंचे वजनच किंचित कमी भरत होते.

हे का व्हावे? गोफण फिरविणाऱ्या शेतकऱ्याला याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. गोफणीतला दगड वर्तुळात राहावा म्हणून हात त्याला सतत आत ओढीत असतो. वेग दुप्पट केला तर हाताला चौपट ओढ लावावी लागते. हा नियम ख्रिस्तियान हायगेन्स या डच पंडिताने १६७३ मध्ये, लंबकाच्या घड्याळावरील आपल्या ग्रंथाच्या अखेरीस प्रसिद्ध केला. वेगाचा वर्ग करावा आणि त्याला वर्तुळाच्या त्रिज्येने भागावे, की ती ओढ मिळते.

आता पृथ्वी हीच एक मोठी गोफण समजा. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. तो एका दिवसात फिरतो. म्हणजे तेथील माणूस झोपेतही सेकंदाला सुमारे ४६५ मीटर या वेगाने वर्तुळात प्रवास करीत असतो. हायगेन्सच्या नियमाने हिशेब केला तर त्याला वर्तुळात ठेवण्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा सुमारे २८९ वा हिस्सा खर्ची पडतो. उरलेला भाग वजन म्हणून जाणवतो. ध्रुवावर हे वर्तुळ शून्य होते, त्यामुळे तेथे काहीच खर्च होत नाही. पॅरिसचे वर्तुळ कायेनच्या वर्तुळाच्या दोन तृतीयांश. शिवाय तेथे बाहेर फेकणाऱ्या जोराची दिशा ओळंब्याला तिरपी. म्हणून पॅरिसला खर्च कमी आणि कायेनला जास्त.

या २८९ च्या आकड्यात एका फार जुन्या शंकेचे उत्तरही दडले आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले, तेव्हा वराहमिहिराने विचारले की, तसे असेल तर आकाशात उडालेले पक्षी पुन्हा आपल्या घरट्यांत कसे येतात? कोपर्निकसच्या काळी युरोपातही, फिरणारी पृथ्वी फुटून विखरून कशी जात नाही, असा प्रश्न होताच. विखरून जाण्याच्या भीतीला आकडेशास्त्र असे उत्तर देते: २८९ हा १७ चा वर्ग आहे, म्हणून पृथ्वी आजच्या सतरापट वेगाने फिरली, म्हणजे दिवस सुमारे ८५ मिनिटांचा झाला, तरच विषुववृत्तावरील वस्तू निर्भार होतील. १९५७ च्या ऑक्टोबरात सोडलेला स्पुत्निक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीप्रदक्षिणेला सुमारे ९६ मिनिटे घेत असे. तो जमिनीपासून बराच उंच होता म्हणून थोडा अधिक वेळ. एरवी हिशेब तोच. उपग्रह म्हणजे ज्याचे सगळे गुरुत्व वर्तुळात फिरण्यातच खर्ची पडते असा दगड.

परंतु कायेनच्या घड्याळाची कथा येथे संपत नाही. नुसत्या परिवलनाचा हिशेब केला तर लंबक सव्वा रेषेने नव्हे, सुमारे पाऊण-एक रेषेनेच आखूड व्हायला हवा होता. मग उरलेला तृतीयांश कोठून आला?

न्यूटनने १६८७ च्या आपल्या महाग्रंथात याचा विचार केला. त्याने कल्पनेने दोन विहिरी खणल्या. एक ध्रुवापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंत आणि दुसरी विषुववृत्तापासून मध्यापर्यंत. दोन्हींत पाणी भरले आणि तळाशी ती जोडली. विषुववृत्ताकडील पाणी परिवलनामुळे हलके. म्हणून तोल राखायला तो स्तंभ उंच हवा. अर्थात पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आणि मध्यावर फुगीर असली पाहिजे. कायेनचा माणूस पॅरिसच्या माणसापेक्षा पृथ्वीच्या मध्यापासून दूर असतो. म्हणून त्याचे वजन आणखी थोडे घटते. चपटेपणा २३० व्या हिश्श्याएवढा, असे न्यूटनचे गणित सांगत होते. हायगेन्सचे गणित मात्र ५७८ वा हिस्सा म्हणत होते. फरकाचे मूळ खोल होते. हायगेन्सच्या मते गुरुत्वाची ओढ केवळ मध्याकडे होती. न्यूटनच्या मते पृथ्वीतील कणन् कण ओढत होता. म्हणजे पृथ्वी मोजणे ही आता नुसती भूगोलाची बाब राहिली नव्हती. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, याचीच ती परीक्षा होती.

आणि या परीक्षेत पहिला निकाल उलटाच लागला! फ्रान्समध्ये उत्तर-दक्षिण रेषा मोजून जाक कासिनी याने १७१८ मध्ये जाहीर केले की, उत्तरेकडे जावे तसा एका अंशाचा लांबपणा घटतो. सबब पृथ्वी ध्रुवांकडे चपटी नसून लांबट आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जमीन जितकी सपाट, तितके ध्रुवतारा एक अंश वर चढावा म्हणून अधिक चालावे लागते. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असेल तर तेथील अंश लांब भरला पाहिजे. कासिनीचे घराणे पॅरिस वेधशाळेचे धनी. त्यांचा शब्द खाली पाडणे सोपे नव्हते. अखेर अकादमीने ठरविले की, वाद कागदावर न घालता जमिनीवर मिटवावा.

१७३५ मध्ये बुगेर, ला कोंदामीन आणि गोदँ यांची तुकडी त्या वेळच्या पेरूत, आजच्या इक्वेडोरमध्ये गेली. दुसऱ्या वर्षी मोपेर्त्विईची तुकडी उत्तरेस लॅपलँडकडे निघाली. तीत क्लेरो हा तरुण गणिती आणि स्वीडनचा सेल्सियस होता. उत्तरेच्या मंडळींनी १७३६ च्या डिसेंबरात गोठलेल्या टोर्ने नदीच्या बर्फावर लाकडी दांड्या मांडून आपली पायारेषा मोजली. एक अंश ५७,४३८ त्वाझ भरला. त्वाझ म्हणजे सुमारे १.९५ मीटर. पॅरिसजवळ पिकारने पूर्वी मोजलेला अंश ५७,०६० त्वाझ होता. पेरूच्या मंडळींचे मात्र हाल झाले. तापाने एक सोबती गेला, कुएंका गावात जमावाने त्यांच्या शल्यवैद्याचा जीव घेतला, आपसांत भांडणे झाली. बुगेर १७४४ मध्ये परतला तेव्हा त्याच्याजवळ एकच आकडा होता : ५६,७५३ त्वाझ. दक्षिणेकडून उत्तरेकडे अंश वाढतच गेला होता. पृथ्वी चपटी ठरली. लॅपलँडचे मोजमाप सुमारे दोनशे त्वाझांनी जास्त आले होते, हे स्वानबेर्गने १८०१ ते १८०३ मध्ये पुन्हा मोजून दाखविले. पण निकाल बदलला नाही.

१७४३ मध्ये क्लेरोने एक सुंदर नियम मांडला. ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या गुरुत्वातील फरक आणि पृथ्वीचा चपटेपणा, या दोन अपूर्णांकांची बेरीज त्या २८९ व्या हिश्श्याच्या अडीचपट येते. आजचे आकडे घेऊन पाहा : गुरुत्वातील फरक सुमारे १८९ वा हिस्सा, चपटेपणा २९८ वा हिस्सा, बेरीज बरोबर जुळते. म्हणजे दांडी-साखळी न घेता, केवळ लंबक हलवून पृथ्वीचा आकार सांगता येतो. रिशेच्या सव्वा रेषेत केवढे भांडार होते, हे तेव्हा कळले.

ही मोजणी पुढे आपल्या देशातही आली. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभलेल्या महामोजणीत पृथ्वीचा आकार ठरविणे हा एक उद्देश होता. हैदराबादेहून नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटास त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचे काम एव्हरेस्टने पुढे नेले. सिरोंजजवळील कल्याणपूर आणि उत्तरेतील कलियाना यांच्या मोजणीत पाच विकलांची तफावत उरली होती. हिमालयाची राशी ओळंब्याला आपल्याकडे खेचते, म्हणून असे होत असावे, असे वाटून प्रॅटने १८५५ मध्ये हिशेब केला. तर हिमालयाच्या राशीने तफावत जवळजवळ तिप्पट यायला हवी होती! एअरीने त्याच वर्षी सुचविले की, पर्वतांच्या खाली हलक्या खडकांची मुळे खोल गेलेली असावीत. १८६५ पासून कॅप्टन बसेवीने हिंदुस्थानात ठिकठिकाणी लंबक हलविले, आणि तेच काम करीत असता १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर त्याने प्राण ठेवला.

आज हेच काम उपग्रह करतात. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरातील सरासरी समुद्रसपाटी गणिती आकृतीहून सुमारे शंभर मीटर खोल आहे, इतके बारकावे आपल्याला कळले आहेत. विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येहून सुमारे २१ किलोमीटरने मोठी आहे, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण पाठ असणे निराळे आणि पटणे निराळे. ध्रुवावर १९० किलो भरणारे पोते विषुववृत्तावर ताणकाट्याला लावले तर सुमारे एक किलो कमी भरेल. साध्या तराजूत मात्र हा फरक कधीच दिसणार नाही, कारण वजनमापेही तेवढीच हलकी होतील. ज्या साधनाने सत्य दिसते तेच हाती असावे लागते, आणि ते दिसल्यावर टिपून ठेवणारा माणूसही असावा लागतो. रिशेने कोणताही सिद्धांत मांडला नाही. आपल्या मोजमापात न बसणारा तीन मिलिमीटरांहूनही लहान फरक त्याने लपविला नाही, एवढेच. विज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव राहण्यास तेवढे पुरेसे झाले.