टोबाची राख आणि माणसाचं नशीब

आजचा प्रश्न असा : निव्वळ योगायोगाने घडलेली एखादी नैसर्गिक घटना माणसाच्या सुरुवातीच्या वाटचालीला वळण देऊ शकते का?

सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर टोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. तिथे पडलेल्या खड्ड्यात आज सुमारे 100 किलोमीटर लांबीचं तळं आहे. त्याची राख थेट भारतापर्यंत आली. आपल्या पुणे जिल्ह्यात, कुकडी नदीकाठी बोरी इथेही ज्वालामुखीची राख सापडते. पण ती याच उद्रेकाची की टोबाच्याच त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

आता गंमत बघा. आज पृथ्वीवर अब्जावधी माणसं आहेत, पण आपल्यातली जनुकीय विविधता फारच कमी. असं का? 1998 साली स्टॅन्ली अँब्रोज यांनी मांडणी केली, की टोबाच्या धुराळ्यामुळे सूर्यप्रकाश अडला, वर्षानुवर्षं थंडी पडली आणि माणसं काही हजारांवर आली. आपण सगळे त्या वाचलेल्या मूठभरांचे वंशज. म्हणजे कर्तबगारी वगैरे काही नाही, नशीब!

कल्पना जबरदस्त आहे. पण जमीन काय सांगते?

आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरमला राखेच्या थराखाली दगडी हत्यारं मिळाली, आणि थराच्या वरही. दोन्हींत बरंच साम्य. हे 2007 साली प्रसिद्ध झालं. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यातल्या ढाबा इथेही हत्यारांची परंपरा तुटलेली दिसत नाही. आफ्रिकेतल्या मलावी तलावाच्या गाळात टोबाची राख आहे, पण मोठ्या थंडीची खूण नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंटला तर राख पडल्यानंतरही माणसांचा वावर वाढलेला दिसतो.

मग विविधता कमी का? दुसरं उत्तर साधं आहे : छोटे छोटे गट आफ्रिकेबाहेर पडत, पुढे पुढे सरकत गेले. प्रत्येक गटाने मूळ साठ्यातला थोडाच वाटा सोबत नेला.

याचा अर्थ योगायोगाला किंमत नाही, असा नव्हे. एखाद्या खोऱ्यात राखेने पाणी नासलं असेल, शिकार संपली असेल, तिथले गट संपलेही असतील. पण माणूस तोवर एकाच खोऱ्यात, एकाच अन्नावर जगत नव्हता. कुणी शिंपले वेचत होतं, कुणी हरणामागे होतं. आकाशातून काय कोसळेल ते आपल्या हाती नसतं. एक वाट बुजली तर दुसरी माहीत असणं, हे मात्र असतं. माणूस तगला तो बहुधा त्यामुळेच.