पटावरचे खेळाडू

सन 2015 च्या नोव्हेंबरात टोरांटो येथे ख्रिस प्रॉन्गर या कॅनेडियन खेळाडूचा बर्फावरील हॉकीच्या कीर्तिमंदिरात प्रवेश झाला. हा मान खेळून थांबलेल्यांचा. प्रॉन्गरचा शेवटचा सामना 2011 साली झाला होता. डोळ्यावर काठीचा मार बसला, पुढे डोक्याच्या दुखापतीने त्याला कायमचे बाजूला बसविले. 2014 पासून तर तो नॅशनल हॉकी लीगच्याच नोकरीत होता. धसमुसळ्या खेळाडूंना शिक्षा ठरविणारे जे खाते आहे, त्यात. आणि तरीही त्या संध्याकाळी, कागदोपत्री, तो ॲरिझोना कायोटीज या संघाचा करारबद्ध खेळाडू होता! त्या संघाच्या बाजूने तो एकदाही बर्फावर उतरला नव्हता.

वाचकाला हा कारकुनी घोटाळा वाटेल. तो घोटाळा नव्हता. नियमाप्रमाणे चाललेला व्यवहार होता.

या नियमाचा जन्म भांडणातून झाला. 2004 च्या शरदात क्लबांच्या मालकांनी खेळाडूंना टाळेबंदी केली. डेट्रॉइटसारखे श्रीमंत क्लब तेव्हा पगारावर वर्षाला सात कोटी डॉलरांहून अधिक उधळीत, आणि गरिबांनी नुसते पाहावे. 2005 च्या फेब्रुवारीत सबंध मोसमच रद्द झाला. स्टॅन्ले करंडक कोणालाच मिळाला नाही, असे 1919 च्या फ्लूच्या साथीनंतर प्रथमच घडले. तडजोड झाली ती अशी : कोणत्याही क्लबाचा पगारखर्च वर्षाला 3 कोटी 90 लाख डॉलरांच्या वर जाता कामा नये. पण त्याचबरोबर तो 2 कोटी 15 लाखांच्या खालीही जाता कामा नये. छपराची चर्चा जगभर झाली. जोत्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. वस्तुतः आपली गोष्ट घडते ती जोत्यावर.

क्लबांचे चिटणीस काही भोळे नव्हते. वर्षाचा हिशेब धरताना त्या वर्षी दिलेली रोकड नव्हे, तर साऱ्या कराराची सरासरी मोजली जाई. तेव्हा त्यांनी करार लांबविले. पहिल्या वर्षांत भरघोस पगार, शेवटच्या वर्षांत चिल्लर, म्हणजे सरासरी आपोआप उतरते. शे वेबर या खेळाडूचा 2012 चा करार चौदा वर्षांचा व 11 कोटी डॉलरांचा होता. (2013 च्या नव्या तहात अशा करारांना आठ वर्षांची हद्द घातली गेली; पण जुने करार जिवंतच राहिले.) या युक्तीला लगाम म्हणून एक कलम होते : पस्तिशीनंतर सुरू झालेला करार खेळाडूने खेळ सोडला तरी क्लबाच्या खात्यावर शेवटपर्यंत मोजला जाईल. प्रॉन्गर या कलमात सापडला. म्हणून त्याने निवृत्ती जाहीर केली नाही.

शिक्षकाला यात नवल वाटू नये. पट आणि हजेरी हे दोन वेगळे आकडे असतात, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या महिन्यातच शिकतो.

आता ॲरिझोनाकडे वळू. कॅनडातील विनिपेगहून 1996 साली हा संघ वाळवंटात आला आणि 2009 मध्ये दिवाळखोरीत गेला. पुढे त्याने संघ नव्याने उभारावयास घेतला. नवी उभारणी म्हणजे जुने नावाजलेले खेळाडू विकायचे, अठरा वर्षांची पोरे निवडायची आणि ती वाढेतो हरत राहायचे. पोरांचा पगार नियमानेच तुटपुंजा असतो. त्यामुळे खर्च जोत्याखाली घसरू लागला. आणि उत्पन्नाबरोबर जोते तर चढत चाललेले! 2016-17 साली ते 5 कोटी 40 लाखांवर पोहोचले होते. म्हणजे 2005 च्या छपरापेक्षा दीड कोटीने उंच.

इथे प्रॉन्गर कामाला आला. त्याचे हिशेबातले वजन वर्षाला सुमारे 49 लाख डॉलर. प्रत्यक्ष द्यावयाचा पगार सहा लाखांहूनही कमी. फिलाडेल्फियाला तो नकोसा, ॲरिझोनाला हवासा. 2015 च्या जूनमध्ये सौदा झाला.

पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या पावेल दात्स्यूकची पाळी आली. 1998 साली 171 व्या क्रमांकाने निवडलेला हा रशियन पोरगा पुढे त्या खेळातला नजाकतीचा बादशहा झाला. करार एक वर्ष उरलेला असताना तो मायदेशी परतला. 75 लाखांचे ओझे मात्र डेट्रॉइटच्या माथी राहिले. ते उतरविण्यासाठी डेट्रॉइटने नवोदितांच्या निवडीतला आपला सोळावा क्रमांक देऊन ॲरिझोनाचा विसावा व त्रेपन्नावा क्रमांक घेतला, आणि दात्स्यूकचा करार सोबत दिला. ॲरिझोनाने त्या सोळाव्या क्रमांकावर जेकब चिक्रन हा चांगला बचावपटू मिळविला. डेट्रॉइटने मोकळी झालेली जागा फ्रान्स नील्सन या बत्तीस वर्षांच्या खेळाडूला सहा वर्षांचा करार देऊन भरली. 2021 मध्ये पैसे चुकते करून तोही करार मोडावा लागला. सलग पंचवीस वर्षे बाद फेरी गाठणारा तो संघ 2017 मध्ये बाहेर राहिला. म्हणजे एक म्हातारा करार काढून दुसरा म्हातारा होणारा करार आत घेतला, इतकेच.

ॲरिझोनाचा हा व्यापार हुशारीचा होता, असे पुष्कळ जण म्हणत. प्रत्येक ओझ्याबरोबर एखादा तरुण खेळाडू पदरात पडे : दात्स्यूकबरोबर चिक्रन, तर जखमी डेव्ह बोलंडबरोबर लॉसन क्राउस. हे खरेच आहे. मात्र माझे मन दुसऱ्याच एका माणसापाशी अडते. शेन डोन हा संघाचा कर्णधार. विनिपेगपासून संघाबरोबर आलेला, एकवीस मोसम त्याच एका संघात काढलेला. 2017 च्या जूनमध्ये त्याला कळविण्यात आले की पुढचा करार मिळणार नाही. तरुणांना वाट मोकळी करावयाची आहे. त्या वेळी पुन्हा न खेळणारा बोलंड आणखी दोन वर्षे वर्षाला 55 लाखांच्या वजनाने खात्यावर राहावयाचा होता. पोरांनी भरलेल्या खोलीत सामना हरल्यावर कसे बसावे, दुसऱ्या दिवशी सरावाला कसे यावे, हे शिकविणारा एक वडीलधारा लागतो. तो होता, त्याला घरी पाठविले. जे वडीलधारे ठेवले त्यांचे अंगरखे कधी खुंटीला लागले नाहीत.

2018 मध्ये त्वचारोगाने खेळ सुटलेला शिकागोचा मारियन होसा त्याच यादीत आला. 2023 मध्ये शे वेबर, त्याच चौदा वर्षांच्या करारासह. चिक्रनला त्याच सुमारास ऑटावाला विकण्यात आले. मोठे क्रीडागार गमावलेला संघ तोवर विद्यापीठाच्या, पाच हजारही माणसे न मावणाऱ्या प्रेक्षागृहात खेळत होता. 2024 च्या एप्रिलमध्ये खेळाडू आणि करार युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीला गेले. त्यांत वेबरचाही करार होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात टोरांटोला कीर्तिमंदिराचा समारंभ झाला. सन्मानितांत पावेल दात्स्यूक होता आणि शे वेबरही होता. वेबरचा करार संपावयास आणखी दोन वर्षे होती.