पिनेचं टोक आणि आठ राजीनामे

आमच्या कंपनीत चौदा माणसं. बाणेरला तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, कॉफी मशीन एकच, आणि सरांचा मूड काचेपलीकडून दिसतो. मागच्या महिन्यात एका रात्रीत ग्राहकांचा बराच डेटा उडाला. बॅकअप होता, दुपारपर्यंत सगळं जागेवर आलं. पण तेव्हापासून सर एकेकाला आत बोलावून विचारतायत, "हे कुणी मुद्दाम केलं असेल, तुला काय वाटतं?"

मला विल्यम शॉकली आठवला.

ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ चं नोबेल तिघांना मिळालं, त्यांतला हा एक. त्याच वर्षी त्यानं कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला सिलिकॉनची छोटी प्रयोगशाळा थाटली. पैसा अर्नोल्ड बेकमन या उद्योजकाचा. माणसं शॉकलीनं स्वतः फोन करून गोळा केली. एकाहून एक हुशार, बहुतेक तिशीच्या आसपासची. घेण्याआधी मानसशास्त्रीय चाचण्याही करून घेतल्या. पारख उत्तम होती. वागवणं मात्र जमलं नाही. रॉबर्ट नॉइसनं काही निष्कर्ष आणून दाखवले, तर साहेबांनी त्याच्यासमोरच जुन्या बेल लॅब्जला फोन लावून खातरजमा केली. सगळ्यांचे पगार फलकावर लावले. ट्रान्झिस्टर बनवायला आलेल्या लोकांना मधेच आपल्या लाडक्या चार-थरी डायोडवर जुंपलं. (ज्यांनी अर्ध्या स्प्रिंटमध्ये प्रॉडक्ट बदललेलं पाहिलंय, त्यांना जास्त सांगायला नको.)

मग ती पिन. दारातून बाहेर आलेल्या अणकुचीदार टोकानं सेक्रेटरीचा हात कापला. शॉकलीला यात घातपात दिसला. त्यानं लाय डिटेक्टरच्या चाचणीचा आग्रह धरला. शेल्डन रॉबर्ट्सनं ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा कळलं, की ती साधी टाचणी होती, डोकं तुटलेली. कागद अडकवायची.

लोक आधी बेकमनकडे गेले. त्यानं ऐकून घेतलं, पण शेवटी शॉकलीलाच ठेवलं. तेव्हा युजीन क्लायनरनं वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कमधल्या गुंतवणूक कंपनीला पत्र लिहिलं. आज यांना आपण स्टार्टअपवाल्यांचे पूर्वज म्हणतो, पण पत्रातली मागणी एवढीच होती, की आम्हा सगळ्यांना एकत्र नोकरी देणारी कंपनी शोधा. स्वतःची कंपनी काढा, हे आर्थर रॉकनं सुचवलं. करार तयार नव्हता, म्हणून एक-एक डॉलरच्या दहा नोटांवर सह्या झाल्या. नॉइस बराच काळ तळ्यात-मळ्यात होता. वय २९, घरी बायको-मुलं. मीही एकोणतीसचा आहे आणि माझ्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता आहे, त्यामुळे मला त्या सातांपेक्षा हाच जास्त कळतो.

१८ सप्टेंबर १९५७ ला आठही जण बाहेर पडले. पुढे फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर, मग १९६८ मध्ये नॉइस आणि मूरची इंटेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना 'गद्दार आठ' असं नाव पडलं. (हा शब्द हल्ली महाराष्ट्रात जपून वापरावा लागतो.) मागे राहिलेल्यांवर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. तेही सकाळी त्याच दारातून आत जात असणार. शॉकलीची कंपनी १९६० मध्ये विकली गेली.

परवा रात्री मी लॉग चाळले. घातपात वगैरे काही नव्हतं. जुना डेटा साफ करणारी एक स्क्रिप्ट रात्री दोनला आपोआप चालली. ती टेस्ट सर्व्हरवर चालायची, पण एका सेटिंगमध्ये खऱ्या सर्व्हरचा पत्ता राहिला होता. डोकं तुटलेली टाचणीच ती.

सरांना हे सांगितलं, की ते पुढचा प्रश्न विचारणार: ती लिहिली कुणी? ती लिहिणारा मुलगा माझ्या शेजारी बसतो. पहिलीच नोकरी, जूनमध्ये सांगलीहून आलाय. त्याला अजून काहीच माहीत नाही, आणि त्याचा कोड तपासून मंजूर करणारा मी आहे.

सोमवारी आत जायची पाळी माझी आहे. तपासणाऱ्याचं नाव आधी सांगायचं, एवढं ठरवलंय. राजीनाम्याचा मसुदा ड्राफ्ट्समध्ये आहे, अजून कुणाला पाठवलेला नाही.