तू, तुम आणि तुम्ही

हिंगोलीत आजही रिसाला बाजार आहे. रिसाला म्हणजे घोडदळ. घोडे गेले, नाव राहिले. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने चालणारी, पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेलेली फौज 1903 पर्यंत इथल्या छावणीत होती.

याच फौजेतला फिलिप मेडोज टेलर. 1808 साली लिव्हरपूलला जन्मलेला हा पोरगा सोळाव्या वर्षी निजामाच्या चाकरीत लागला आणि काही काळ हिंगोलीतही राहिला. ठगांवरच्या 1839 च्या कादंबरीने त्याचे नाव झाले. आम्हाला मात्र त्याच्या आत्मचरित्रातली एक साधी नोंद अधिक मोलाची वाटते. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1877 साली निघाले. तो सांगतो की, हिंदुस्थानी नुसती येऊन भागत नाही, ती खानदानी माणसासारखी बोलता आली पाहिजे. ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे संबोधनाची रीत वेगळी. ती न शिकल्यामुळे आपले गोरे लोक सभ्य गृहस्थाशी नोकरासारखे बोलतात आणि नकळत त्याचा अपमान करतात.

साहेबाच्या भाषेत राजाला आणि भिश्त्याला एकच 'यू'. जुना 'दाऊ' बोलण्यातून केव्हाच गेलेला. त्यात साहेब हिंदुस्थानी शिकणार ती खानसाम्याला नि सईसाला हुकूम सोडण्यापुरती, आणि तीच घेऊन जहागीरदाराच्या बैठकीत बसणार! टेलरचे तसे नव्हते. त्याची बायको हैदराबादच्या विल्यम पामरची मुलगी, आणि पामरची आई फैज बख्श मुसलमान. अदब त्याला सासुरवाडीतही भेटली असणार.

अर्थात अदब म्हणजे इमान नव्हे. हिंगोलीचा हरिसिंग हा प्रतिष्ठित व्यापारी. टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केलेला. पुढे तो ठगांचा म्होरक्या निघाला. एका व्यापाऱ्याला मारून त्याचे कापड त्याने छावणीतच उघडपणे विकले होते, तेही कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेऊन.

पण आपल्या माणसांतली गोष्ट निराळी. आमच्या दखनीने मराठीचा 'नको' घेऊन 'नक्को' केला, जोर द्यायचा 'च' घेतला, आणि आमच्या घरांत 'तुम'ला 'तुम्ही'चा मान दिला. अब्बांनाही आम्ही 'तुम'च म्हणतो. उत्तरेकडच्या उर्दूत मात्र वडीलधाऱ्याला 'तुम' म्हणणे म्हणजे बेअदबी.

काही वर्षांपूर्वी उत्तरेकडून एक पाहुणे सोयरिकीसाठी आमच्याकडे आले होते. मामूंनी मोठ्या मायेने म्हटले, "तुम बैठो जी, चाय पीके जाव." पाहुण्यांचा चेहरा उतरला. कप अर्धा ठेवून ते उठले, आणि पुढे निरोप आला नाही. आमच्यापैकी दोघांना कारण कळले होते. परंतु मामूंना ते सांगायचे कुणी? अजून ते विचारतात, "चाय में शक्कर कम पड़ी थी क्या रे?"