काठावरचं ताट

स्नेहमेळाव्याच्या ग्रुपवर स्मरणिकेसाठी लेख मागवल्याचा निरोप आला, तेव्हा सहल, गॅदरिंग, प्रयोगशाळेत फुटलेल्या परीक्षानळ्या हे सगळे विषय आधीच वाटले गेले होते. मला उरलं क्रॉप सायन्स. अकरावीला प्रवेश घेतानाही असंच झालं होतं. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी आधी मनसोक्त हसून घ्यावं आणि मग पुढचं वाचावं.

आपली बारावी १९९८ ची. विज्ञान शाखेत दुसरी भाषा आणि बायोलॉजी यांच्याऐवजी दोनशे गुणांचा एकच व्होकेशनल विषय घेता यायचा. ज्यांना डॉक्टर व्हायचं नव्हतं त्यांना तो सोयीचा होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा थोड्या आणि त्या दहावीच्या टक्क्यांवर भरायच्या. माझं नाव त्या यादीच्या खाली राहिलं. ऑफिसातल्या क्लार्कनी फॉर्म परत देत सांगितलं, "क्रॉपला जागा आहे, मार्कही पडतात." इंजिनिअरिंगला पीसीएमचे गुण बघायचे. या विषयाला कमी वेळ देऊन वाचलेला वेळ गणिताला द्यायचा, असा हिशेब करून मी सही केली. घरी सांगितलं तेव्हा आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "शेतातनं भाईर पडाय शिकतीयास, आन परत शेतच?" मला उत्तर सुचलं नाही. आपल्या वर्गात मग दोन जाती झाल्या. एक सोल्डरिंगवाली, दुसरी खुरपंवाली.

हा विषय आपल्या कॉलेजात आला कुठून, याचा विचार तेव्हा मी केला नव्हता. तो पुढं कुतूहलानं केला. कोठारी आयोगानं (१९६४-६६) माध्यमिक शिक्षणाची कामाशी सांगड घालावी असं सुचवलं. शाळेत आपण ज्याला 'कार्यानुभव' म्हणायचो तो तिथलाच, आणि उच्च माध्यमिकला व्यवसायाचे विषय असावेत हा आग्रहही तिथलाच. पुढं सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि त्याच्या पाठोपाठ अकरावी-बारावीला हे द्विलक्षी अभ्यासक्रम आले. म्हणजे क्लार्कच्या खिडकीतून मला मिळालेली 'उरलेली जागा' हा एका मोठ्या धोरणाचा शेवटचा टप्पा होता.

पण या विचाराचं मूळ आपल्या आणखी जवळ आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन देताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान. शेतीच्या धड्यांना जोडून एखादं लहानसं नमुन्याचं शेत असावं, मुलांना तिथं प्रत्यक्ष शिकवावं, असंही त्यांनी त्यात मांडलं. पुढच्याच वर्षी पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या मातीच्या कसाबद्दल आणि तो अडवणाऱ्या तालीबांधांबद्दल लिहितात. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्याच खटाव तालुक्यातलं. आपल्यातली कितीतरी मुलं त्या बाजूनंच सायकलवर यायची. प्रयोगशाळेमागचा आपला पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा, ज्याला सगळे 'क्रॉपचं रान' म्हणायचे, ते त्या नमुन्याच्या शेताचंच धाकटं भावंड होतं. मला मात्र तेव्हा त्यात चप्पल रुतते एवढंच दिसायचं.

क्रॉपचे सर फारसं फळ्यावर शिकवायचे नाहीत. माती ओली करून तळहातावर तिची वळी करायला लावायचे. वळी वाकवून कडं झालं तर चिकणमाती जास्त, मोडली तर वाळू जास्त. काळ्या रानाला उन्हाळ्यात हातभर भेगा का पडतात, तर तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून. माळाच्या मुरमाड रानात पाणी का थांबत नाही, शाळू नुसत्या ओलीवर कसा येतो, हे सगळं आपल्या घरच्यांना ठाऊक होतं. सरांनी त्याला फक्त 'का' जोडून दिलं.

आता मुद्द्यावर येते. बारावीच्या वर्षी शाळू काढायला आला तेव्हा आमचं पीक कापणी प्रयोगाचं प्रात्यक्षिक होतं. कॉलेजशेजारच्या एका काकांच्या रानात सर आम्हाला घेऊन गेले. सामान म्हणजे चार खुंट्या, सुतळी, टेप, ताणकाटा आणि यादृच्छिक अंकांचा एक झेरॉक्स कागद. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं. कागदावरून दोन आकडे घ्यायचे, एक लांबीचा आणि एक रुंदीचा. तेवढी पावलं आत जायचं आणि जिथं पोचाल तिथं पहिली खुंटी ठोकायची. तिथून दहा मीटर बाय पाच मीटरचा आयत आखायचा. कोपरे काटकोनात आहेत का हे कर्णानं तपासायचं, तो ११.१८ मीटर भरला पाहिजे. पायथागोरसचा मला झालेला पहिला उपयोग तो. मग आतला शाळू काढायचा, कणसं खुडायची, बडवायची, उफणायची आणि दाणे तोलायचे. पन्नास चौरस मीटरचं वजन गुणिले दोनशे म्हणजे हेक्टरी उत्पादन.

आमच्या गटाची खुंटी नेमकी पड्या जागेत आली. तिथं खडक वर आलेला, ताटं विरळ, कणसं मुठीएवढी. दहा पावलांवर शाळू माझ्या डोक्याच्या वर गेलेला. सर दुसऱ्या गटाकडं होते. मी खुंटी उपटली आणि चांगल्या शाळवात ठोकली. जर्नलला आकडा छान दिसावा, एवढाच हेतू. बरोबरची मैत्रीण म्हणाली, "अगं, कागदावर तर तिथं आलंय." मी म्हटलं, "कोण बघतंय?"

सर बघत होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही जागा कापायला लावल्या आणि दोन्ही वजनं करायला लावली. पड्या जागेतला शाळू दुसरीच्या निम्म्याहून थोडाच जास्त भरला. मग ते सगळ्यांना बांधावर बसवून म्हणाले, "हिनं खुंटी हलवली. हिच्या जर्नलमध्ये पीक वाढलं, रानात वाढलं का?" त्यानंतर त्यांनी पैसेवारीचं गणित सांगितलं. अशाच कापणीवरून गावाची पैसेवारी ठरते. ती पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती मिळतात. शेतसाऱ्यात सूट मिळते, मुलांची परीक्षा फी माफ होते. पन्नास चौरस मीटरात एक किलोची लबाडी झाली, तर हेक्टरी दोनशे किलोंची होते. "तू दहा पावलं सरकलीस," सर म्हणाले, "पण गावातल्या सगळ्या पोरांची फी भरायला लावलीस." माझी फी त्या वर्षी माफ होती. मी मान वर केली नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी परत जाताना सांगितली. सुतळी बरोबर ताटावरून गेली तर ते ताट आत धरायचं की बाहेर? आम्ही सगळ्यांनी आतच धरली होती. सर म्हणाले, "कणीस कुठं झुकलंय ते बघू नका. मूळ कुठं आहे ते बघा." मूळ सुतळीच्या आत असेल तर आत, बाहेर असेल तर बाहेर.

ते साधं वाक्य किती मोठ्या इतिहासातून आलेलं होतं, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. इंग्लंडात रोथॅमस्टेड इथं लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हाच्या शेतात खतांचे प्रयोग सुरू केले. ते आजही चालू आहेत. अडचण अशी की एका वाफ्याला खत दिलं, दुसऱ्याला नाही, आणि पहिल्यात पीक जास्त आलं, तर श्रेय खताचं की मुळातच चांगल्या मातीचं? १९१९ मध्ये तिथं नेमलेल्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं त्याचं उत्तर दिलं. कोणत्या वाफ्याला काय द्यायचं हे माणसानं ठरवूच नये, ते चिठ्ठी टाकून ठरवावं. म्हणजे मातीची खोट दोन्हीकडं सारखी वाटली जाण्याची शक्यता राहते आणि उरलेला फरक किती भरवशाचा हे मोजता येतं.

ही विद्या भारतातल्या शेतांत रुजवणाऱ्यांमध्ये एक नाव आहे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध. हो, आपलंच बुध! फर्ग्युसनमधून पदवी, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संख्याशास्त्रातली डॉक्टरेट, आणि परत येऊन कृषी संशोधन परिषदेत काम. तोपर्यंत पिकाचा अंदाज म्हणजे गावकामगारानं बांधावरून बघून 'इतके आणे' म्हणायचं. त्यालाच आणेवारी म्हणत. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुन्यानं पीक कापण्याची पद्धत उभी केली. त्याच काळात बंगालमध्ये महालनोबिस हे दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ अगदी लहान तुकडे कापून अंदाज काढत होते. लहान तुकडा स्वस्त पडतो, लवकर उरकतो. पण सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की लहान तुकड्यांतून उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. तुकडा जितका लहान तितका त्याला क्षेत्राच्या मानानं काठ जास्त, आणि कापणाऱ्याचा हात काठावरचं ताट आत ओढतो. मुद्दाम नाही, नकळत. पुढं ते रोमला जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. त्यांचं आणि व्ही. जी. पानसे यांचं कृषी संख्याशास्त्राचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या कृषी महाविद्यालयांत वापरलं गेलं.

ते वाचताना मला बांधावर बसलेले सर आठवले. काठावरचं ताट आत धरणारे आम्ही काही जगावेगळे नव्हतो. माणसाचा हातच तसा असतो. म्हणून तर नियम लागतो.

माझ्या कामात ए/बी टेस्ट नावाचा प्रकार असतो. ॲपमध्ये नवी सोय टाकायची, तर निम्म्या लोकांना जुनं दाखवायचं, निम्म्यांना नवं, आणि कुणाला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. हे फिशरचेच वाफे आहेत, फक्त माती नाही. मी टीमची प्रमुख असताना एका चाचणीचा निकाल फार चांगला आला. सगळे खूश. मी तपासलं तेव्हा कळलं की नवी सोय आधी नव्या, महागड्या फोनवरच दिली गेली होती. मुलांनी ते लबाडीनं केलं नव्हतं, सोयीचं म्हणून केलं होतं. निकाल तसाच वर पाठवावा असं मलाही क्षणभर वाटलं. मग मी म्हटलं, "खुंटी हलली आहे. परत करा." कुणाला काही कळलं नाही. त्यांना शाळवाची गोष्ट सांगावी लागली. दुसऱ्या वेळी निकाल बेताचा आला आणि तो तसाच पाठवला.

आता एक कबुली. इंजिनिअरिंगनंतर पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "बारावीला व्होकेशनल काय होतं?" मी बेधडक सांगितलं, "इलेक्ट्रॉनिक्स." समोरच्यानं पुढं काही विचारलं नाही. नोकरी मिळाली. पण ज्या विषयानं मला आकडा जिथं येईल तिथंच खुंटी ठोकायला शिकवलं, त्याच विषयाचं नाव मी दहा पावलं सरकवून सांगितलं. हे मी नवऱ्यालाही आजवर सांगितलं नव्हतं. इथं छापून आलं की सगळ्यांनाच कळेल, ते बरंच.

त्या दिवशी 'कागदावर तर तिथं आलंय' म्हणणारी मैत्रीण आज गावात शेती करते. पीक कापणीला तलाठी आणि कृषी सहायक आले की ती बांधावर हजर असते आणि सुतळीखालच्या ताटांची मुळं बघायला लावते. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "मला सोडून सगळे कणीसच बघत्यात." आपल्यात क्रॉप सायन्सचा खरा उपयोग कुणी केला, हे सांगायला नको.

प्रयोगशाळेमागच्या रानात आता दुचाकी लावतात असं ऐकलं. मेळाव्याला येईन तेव्हा चार खुंट्या, सुतळी आणि टेप घेऊन येणार आहे. गाड्या थोड्या बाजूला घेता आल्या तर आठवी-नववीच्या मुलांना एक आयत आखून दाखवू. कर्ण मोजायला गणिताच्या मॅडम आहेतच.

आणि सर, त्या जर्नलमध्ये तुम्ही दोन्ही वजनं लिहायला लावली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री मी कमी भरलेलं वजन खोडून टाकलं होतं. जर्नल अजून आईच्या ट्रंकेत आहे. खोडलेला आकडा उजेडात धरला तर वाचता येतो. येताना तेही आणते.