फेर्माची सहावी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या वरवर पाहता इतर कोणत्याही मोठ्या संख्येसारखीच वाटते. तथापि गणिताच्या इतिहासात तिला वेगळे स्थान आहे. एका थोर गणितज्ञाचा दृढ विश्वास या एका संख्येने खोटा ठरविला.

हा गणितज्ञ म्हणजे फ्रान्समधील पिएर द फेर्मा. तुलूझ येथील न्यायसभेत तो अधिकारी होता. गणित हा त्याच्या फावल्या वेळचा व्यासंग. दोन ही संख्या घ्यावी आणि तिचा पुनःपुन्हा वर्ग करीत जावे, म्हणजे २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशी माला मिळते. प्रत्येकीत एक मिळविला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या होत. यावरून १६४० साली फेर्माने पत्रातून असे मत कळविले की, ही माला कितीही वाढविली तरी तीत मूळ संख्याच येतील. आपल्यापाशी याची पूर्ण सिद्धता नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले.

मालेतील सहावी संख्या हीच ४,२९,४९,६७,२९७. तिची सरळ परीक्षा करावयाची तर सुमारे साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. हाताने आकडेमोड करणाऱ्यास हे काम थकविणारे होते. नव्वद वर्षे फेर्माचा तर्क अबाधित राहिला.

१७२९ साली गोल्डबाखने पत्र लिहून तरुण ऑयलरचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. ऑयलर त्या वेळी सेंट पीटर्सबर्ग येथे होता. १७३२ साली त्याने दाखवून दिले की, या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो.

६४१ हाच आकडा कसा सापडावा? या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे, असे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या आहेत. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती येते. नवलाची गोष्ट ही की, हा नियम ज्या सिद्धांतातून निघतो तो स्वतः फेर्मानेच त्याच १६४० साली मांडला होता. किल्ली त्याच्याच हाती होती. कुलूप मात्र दुसऱ्याने उघडले.

फेर्माचा तर्क ढासळला, पण त्याची माला निरुपयोगी ठरली नाही. १७९६ साली अठरा वर्षांच्या गाउसने केवळ मोजपट्टी व कंपास यांच्या साहाय्याने सतरा बाजूंचा नियमित बहुभुज काढता येतो हे सिद्ध केले. त्याचे रहस्य १७ ही फेर्माची मूळ संख्या असण्यातच आहे. युक्लिडनंतर दोन सहस्र वर्षांत कोणालाही हे साधले नव्हते.

आज यंत्रांच्या बळावर या मालेतील सहाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंतच्या सर्व संख्या विभाज्य असल्याचे निश्चित झाले आहे. पहिल्या पाचांखेरीज एकही मूळ संख्या अद्याप सापडलेली नाही. आणि ती कधीच सापडणार नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. पाच उदाहरणांवर विसंबून फेर्मा फसला. म्हणूनच अठ्ठावीस उदाहरणे हाती असूनही गणितज्ञ आज उलट निर्णय देण्यास धजत नाहीत. ते सिद्धतेची वाट पाहत आहेत.