तुझ्या साच्यावर बदली कोण?

मागच्या वर्षी गणपतीला गावी गेलो होतो. पाच दिवसांची रजा, रीतसर मंजूर झालेली. निघताना ऑफिसात सगळ्यांना सांगून आलो, "काही लागलं तर फोन करा हं!"

आणि लागलंच. रोज लागलं. घरात रेंज येत नाही, त्यामुळे मी निम्मा वेळ देवळामागच्या टेकाडावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. विसर्जनाच्या संध्याकाळी "दहा मिनिटांत आलोच" म्हणून वर गेलो, तो खाली उतरेपर्यंत गणपती नदीत पोचलेही होते. ऐंशी ओलांडलेले बाबा सगळ्यांबरोबर हळूहळू चालत गेले. वाटेत दोनदा माझ्यासाठी थांबले, असं नंतर काकूने सांगितलं.

बाबा रागावले नाहीत. रात्री ओटीवर बसल्यावर एवढंच विचारलं, "तुझ्या साच्यावर बदली कोण?"

बाबा मुंबईला गिरणीत साळखात्यात होते. कामगार गावी गेला की त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राही. त्यामुळे एस.टी.त पाय ठेवला की गिरणी डोक्यातून जाई. मला काही उत्तर देता येईना. माझ्या साच्यावर मीच होतो, टेकाडावरून!

प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून परत आल्यावर गिरण्यांमधल्या सुट्टीचा इतिहास थोडा वाचला. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. त्यात महिन्याला चार सुट्ट्या होत्या, पण फक्त सात ते बारा वर्षांच्या मुलांना. (होय, सात वर्षांची मुलं गिरणीत होती.) मोठ्यांना काहीच नाही. रविवारी गिरणी बंद ठेवली तरी यंत्रांच्या साफसफाईसाठी कामगारांना बोलावून घेत. म्हणजे सुट्टी, पण जरा येऊन जा! वाचताना मला आमचं टेकाड आठवलं.

या लोकांसाठी उभे राहिले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मला आवडला तो त्या मागण्यांमधला नेमकेपणा. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर भरपाई. "आमच्यावर दया करा" असला मोघम सूर नाही. वार, वेळ, तारीख, सगळं ठरवून मागितलेलं.

तरी सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत गेले.

भरपगारी रजा तर त्याहून कितीतरी उशिरा आली. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीस दिवस कामामागे एक दिवस रजा होती. त्यातलं एक कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. रजेचा अर्ज निदान पंधरा दिवस आधी लेखी द्यायचा. मालकाला सोय करायला वेळ मिळावा आणि कामगाराला निर्धास्त जाता यावं. आपण या नियमाला कटकट म्हणतो, पण खरी रजा त्या पंधरा दिवसांतच तयार होत असते.

या निर्धास्तपणाची किंमत कोणीतरी मोजत होतं, हेही खरं. बदली कामगार रोज गिरणीच्या दारात उभा राहायचा; काम मिळालं तर रोज पडणार, नाहीतर हात हलवत घरी. बाबांनीही आधी बदलीतच दिवस काढले. म्हणून कोणाच्या सुट्टीचा विषय निघाला की ते कधी थट्टा करत नाहीत.

असो. माझ्या पाच दिवसांवर कोणी दरोडा घातला नव्हता. "काही लागलं तर" म्हणून मीच ते वाटून टाकले होते. 'काही' म्हणजे काय, हे मीच सांगितलं नाही, मग समोरच्याने तरी कसं ओळखावं?

या वर्षी निघण्याच्या तीन आठवडे आधी साहेबांना एक कागद दिला. कुठली कामं परत आल्यावरच होतील, कुठली कोण बघेल, आणि कुठल्या एकाच कारणासाठी मला फोन करायचा. साहेबांनी दोन ओळी खोडल्या, एक घातली आणि "बरं" म्हणाले. हे इतकं सोपं होतं! माझं काम सांभाळणाऱ्या मुलीची रजा दिवाळीत आहे. तेव्हा तिचा साचा माझ्याकडे, आणि तिला फोन करायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहून दिलं.

पाच दिवसांत एकही फोन आला नाही. विसर्जनाला गणपती माझ्याच डोक्यावर होता. बाबांना मात्र या वर्षी नदीपर्यंत चालवलं नाही. ते ओटीवरूनच हात जोडून उभे राहिले.

मागच्या वर्षी ते वाटेत दोनदा थांबले होते. ती वाट आता पुन्हा मिळायची नाही.